दुकानाची घरपट्टी कोणी गोठवली?

विषय ऐकून निम्मे लोक पुढचा भाग लावणार, हे मला माहीत आहे. मालमत्ता कर! पण दोन मिनिटं थांबा.

आपल्या भंडाऱ्याच्या, तुमसरच्या किंवा पवनीच्या जुन्या बाजारात एकमेकांना लागून दोन दुकानं डोळ्यांसमोर आणा. रस्ता एकच. नाली एकच. समोरचा पथदिवा एकच. तरीही एका दुकानाची घरपट्टी दुसऱ्याच्या वीसपट असू शकते. यात कोणाची चोरी नाही, कोणी बाबूच्या हातावर काही ठेवलेलं नाही. हे कायद्याने होतं. (दुकान असलं तरी पावतीला आपण घरपट्टीच म्हणतो, तेव्हा मीही तेच म्हणणार.)

दर काही वर्षांनी नगर परिषदेच्या नव्या आकारणीच्या नोटिसा निघतात. मग व्यापारी निवेदन घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे जातात. मागणी ठरलेली असते : वाढीला मर्यादा घाला, एकदम एवढी पट्टी वाढवू नका. मागणी चुकीची आहे का? अजिबात नाही. पण तिचा इतिहास बघितला की एक गंमत दिसते. आपल्याकडे दुकानांच्या आकारणीला मर्यादा होतीच, तीही पन्नास वर्षं. फक्त ती कोणी ठरवून घातली नव्हती. ती मागच्या दाराने आली, आणि तिने नेमकं काय केलं ते कोणी मोजलं नाही. आज तेच बघू.

काळी आणि पांढरी

सुरुवात गावापासून करू. जुन्या मराठी व्यवहारात गावाचे दोन भाग. काळी म्हणजे शेताची जमीन, आणि पांढरी म्हणजे जिथे घरं, दुकानं, माग, घाणे आहेत ती वस्तीची जमीन. काळीवर शेतसारा. मग पांढरीवर राहून जे शेती करत नाहीत, म्हणजे वाणी, कोष्टी, तेली, कासार, त्यांच्याकडून राजाने काय घ्यायचं? नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात त्यासाठी वेगळा कर होता आणि त्याचं नावच पांढरी. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, आजूबाजूला कोष्ट्यांची वस्ती, त्यामुळे इथे पांढरीवाले भरपूर.

हा कर इमारतीच्या किमतीवर नव्हता, हे लक्षात ठेवा. तो माणसाच्या धंद्याचा अंदाज घेऊन लावत. कोणाचं किती चालतं हे गावाला माहीत असायचंच. १८५३ साली तिसरे रघुजी वारले आणि वारस नाही म्हणून डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. इंग्रजांना हा कर सोयीचा वाटला, त्यांनी तो पुढे काही दशकं चालूही ठेवला.

१८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, १८६४ मध्ये नागपूरला नगरपालिका आली आणि १८६७ मध्ये भंडाऱ्याला. आता रस्ते झाडायला, दिवे लावायला पैसे कुठून आणायचे? मध्य प्रांतातल्या नगरपालिकांनी सगळ्यात सोपा रस्ता धरला, तो म्हणजे जकात. गावात येणाऱ्या मालावर नाक्यावरच पैसे घ्यायचे. तूप, गूळ, कापड, लाकूड. दुकानदार नाक्यावर भरतो, मालाच्या भावात मिसळतो, गिऱ्हाईक देऊन टाकतं आणि त्याला कळतही नाही. काही गावांत हैसियत कर होता, म्हणजे माणसाची ऐपत बघून पट्टी. पण मुख्य भिस्त जकातीवर.

याचा एक परिणाम आजही भोगतोय. नाक्यावर पैसा येत असताना इमारतींची किंमत नीट ठरवण्याची कटकट कोण करणार? त्यामुळे घरपट्टीचं रजिस्टर हा आपल्या छोट्या शहरांत कायम सावत्र विषय राहिला.

बनारसचा संप

इंग्रजांनी इमारतीवर थेट कर लावायला इतका वेळ का घेतला? त्यांना चटका बसला होता. त्यासाठी थोडं मागे आणि भंडाऱ्याबाहेर, १८१० सालच्या बनारसला जाऊ.

कंपनी सरकारने त्या वर्षी घरांवर कर लावणारा कायदा केला. राहत्या घराला वार्षिक भाड्याच्या ५ टक्के आणि दुकानाला १० टक्के. म्हणजे दुकानाने घरापेक्षा जास्त द्यायचं, हा विचार दोनशे वर्षांहून जुना आहे. डिसेंबरअखेर बनारसच्या लोकांनी दुकानं बंद केली, कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली आणि हजारो लोक घरदार सोडून उघड्यावर जाऊन बसले. ऐन थंडीत. मारामारी नाही, लूट नाही, नुसतं बसून राहणं. शहराचा सगळा व्यवहार ठप्प. शेवटी १८११ मध्ये सरकारने कर मागे घेतला.

बनारसमध्ये दुकानदार आणि घरमालक एकत्र बसले होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे मात्र कायद्याने दोघांना वेगळ्या रांगेत उभं केलं.

न दिसणारा भाडेकरू

आता थोडा तांत्रिक भाग आहे. हेडफोन नीट लावा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

घराची किंमत कर लावण्यासाठी कशी ठरवायची? इंग्लंडने १८३६ च्या कायद्यात एक युक्ती पक्की केली. विक्रीची किंमत बघायचीच नाही. समजा ही इमारत वर्षभरासाठी भाड्याने दिली तर साधारण किती भाडं येईल, तेवढं मोजायचं. खरा भाडेकरू नसला तरी चालेल, एक काल्पनिक भाडेकरू मनात धरायचा. तो जितकं देईल असं वाजवीपणे वाटतं ते वार्षिक भाडेमूल्य, आणि त्यावरून कर.

हाच भाडेकरू बोटीत बसून भारतात आला. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात तो आहे, आणि नगर परिषदांच्या १९६५ च्या महाराष्ट्र कायद्यातही तोच आहे. वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीखर्चापोटी १० टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. त्याच्या अमुक टक्के घरपट्टी. तुमच्या नोटिशीवर ‘करयोग्य मूल्य’ असा रकाना असतो, तो हाच.

आता प्रश्न असा की खऱ्या भाड्यालाच कायद्याने कुलूप लागलं, तर काल्पनिक भाडेकरू किती देईल?

१९४९ चं कुलूप

दुसरं महायुद्ध झालं. शहरांत माणसं वाढली, सिमेंट-लोखंड मिळेना, घरमालकांनी भाडी वाढवली. देशभर भाडेनियंत्रणाचे कायदे आले. मुंबई प्रांतात १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट. आपण तेव्हा मुंबईत नव्हतो, आपण सीपी अँड बेरारमध्ये. आपल्याकडे १९४९ चा सीपी अँड बेरार घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण आदेश आला. घरमालकाला भाडेकरू काढायचा तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी, मगच नोटीस. वाजवी भाडं किती तेही कंट्रोलर ठरवणार. आणि ‘घर’ या शब्दात दुकानही आलं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण हा आदेश आपल्याकडे जवळजवळ पन्नास वर्षं टिकला. जुन्या वकिलांना त्याचं कलम १३ अजून तोंडपाठ असेल.

भाडेकरूला वाचवणं हा हेतू चांगलाच होता. पण त्याची शेपूट करापर्यंत पोचली. कोलकाता महापालिका आणि पद्मा देबी यांच्यातला खटला सुप्रीम कोर्टात गेला. महापालिका म्हणत होती, मालकाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या जास्त भाड्यावर आकारणी करू. कोर्ट म्हणालं, नाही. कायद्याने जेवढं भाडं घेता येतं त्याहून जास्त भाडं ‘वाजवी अपेक्षा’ होऊच शकत नाही. पुढे आंध्रातल्या गुंटूरचा खटला आला. गुंटूर म्हणजे नगरपालिकेचं गाव, आपल्या जवळचं उदाहरण. तिथे प्रश्न होता, वाजवी भाडं अजून कोणी ठरवूनच घेतलं नसेल तर? कोर्टाने सांगितलं, तरीही मर्यादा तीच. मग नगरपालिकेने स्वतः भाडेकायद्याचे नियम लावून ते काढावं. १९७९ मध्ये दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात न्या. भगवती यांच्या निकालाने यावर पक्की मोहोर उठवली.

अर्थ काय? जिथे जिथे भाडं गोठलं, तिथे तिथे आकारणीही गोठली. विधानसभेत कोणी ‘दुकानांच्या आकारणीवर मर्यादा’ असं विधेयक मांडलं नव्हतं, कोणी मतदान केलं नव्हतं. भाड्याला लावलेलं कुलूप आपोआप घरपट्टीलाही लागलं.

चला, हिशोब करू. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. एका जुन्या दुकानाचं कायदेशीर भाडं महिना ३०० रुपये. वर्षाचे ३,६००. १० टक्के वजा, उरले ३,२४०. कराचा दर २५ टक्के धरा. घरपट्टी ८१० रुपये. आता शेजारी नवी इमारत, गाळा महिना ६,००० ने सहज जातो. वर्षाचे ७२,०००, वजावटीनंतर ६४,८००, घरपट्टी १६,२००. वीसपट! आणि जुन्या दुकानात कदाचित जास्त गिऱ्हाईक आहे, कारण ते कोपऱ्यावर आहे आणि लोकांना आजोबांच्या काळापासून माहीत आहे.

इथे एक प्रश्न कोणी विचारत नाही. फायदा नक्की कोणाला झाला? जुन्या दुकानाच्या मालकाला फारसा नाही, त्याला ३०० रुपयेच मिळत होते. फायदा झाला बसलेल्या भाडेकरूला, आणि तोही हळूहळू पागडीत जमा होत गेला. दुकान सोडताना तो नव्या माणसाकडून रोख रक्कम घ्यायचा. ती कुठल्या रजिस्टरला नाही, तिच्यावर घरपट्टी नाही. शहरातली जागा महाग होत होती आणि तो पैसा नगर परिषदेच्या समोरून, पण तिला न दिसता जात होता. नवीन धंदा सुरू करणाऱ्या पोरांनी मात्र नवा गाळा घेतला, नवं भाडं दिलं आणि पूर्ण पट्टी भरली. म्हणजे सगळ्यात कमी कमाईच्या वर्षांत सगळ्यात जास्त कर.

रुपयांत लिहिलेली मर्यादा

विदर्भातली आणखी एक मर्यादा सांगतो, कारण ती व्यापाऱ्यांनी कोर्टात जिंकून दाखवली. अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव. तिथली नगरपालिका कापूस जिनिंग-प्रेसिंगवर मालाच्या प्रमाणात कर घेत होती. आता राज्यघटनेचं कलम २७६ म्हणतं की धंदा-व्यवसायावरचा कर एका माणसाकडून एका स्थानिक संस्थेला वर्षाला २५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. भारत कला भांडार नावाची कंपनी कोर्टात गेली : आमच्याकडून जास्त घेतले, परत द्या. १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मर्यादेवरचा कर घटनाबाह्य, आणि तो परत मागण्यासाठी दावा लावता येतो. आजही करपरताव्याच्या वादांत वकील धामणगावचं नाव घेतात. छोट्या गावाची केवढी कीर्ती!

पण बघा, २५० ही रक्कम १९५० मध्ये लिहिली. ती बदलून २,५०० करायला १९८८ उजाडलं, घटनादुरुस्ती करावी लागली. तेव्हापासून ती तिथेच आहे. मर्यादा आकड्यात लिहिली आणि तिला महागाईची जोड दिली नाही, की काही वर्षांनी तिचं काम वाढ रोखण्याचं राहत नाही. ती करच संपवत आणते.

१९९९

हे साल आपल्या जिल्ह्याच्या लोकांना वेगळ्या कारणाने आठवतं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तुमसर, पवनी, साकोली इकडे राहिले. गोंदियाची मोठी बाजारपेठ तिकडे गेली. पण त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी झाल्या, त्यांची चर्चा कमी झाली.

एक, राज्य सरकारने नगर परिषदांची जकात बंद केली. नाके उठले. व्यापाऱ्यांची ती जुनी मागणी होती आणि ट्रक नाक्यावर तासन्‌तास उभे राहायचे, त्यामुळे कोणी रडलं नाही. बदल्यात सरकार अनुदान देणार असं ठरलं. म्हणजे ज्या पैशावर १८६७ पासून गाव चाललं होतं, तो आता मुंबईहून येणार. नगर परिषदेच्या स्वतःच्या हातात मोठा कर म्हणून उरली ती घरपट्टी, तीच सावत्र रजिस्टरवाली.

दोन, महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि विदर्भाचा १९४९ चा आदेश गेला. राज्यभर एकच कायदा. त्यात घरमालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ करता येते. कुलूप थोडं उघडलं. किती थोडं? आपल्या ३०० रुपयांच्या दुकानाला आधीच्या भाड्यावर दरसाल ४ टक्के लावत जा. चोवीस वर्षांनी भाडं होतं ७६९ रुपये. शेजारचा गाळा तोवर कुठे गेला असेल, तुम्हीच बघा.

चार वर्षांनी येणारा धक्का

१९६५ चा कायदा म्हणतो, आकारणीची यादी दरवर्षी नवी करायची गरज नाही, पण चार वर्षांतून एकदा ती पूर्ण तपासलीच पाहिजे. म्हणून आपल्या पेपरांत ‘चतुर्थ वार्षिक कर आकारणी’ हा शब्द येतो. कल्पना चांगली आहे. चार वर्षांत भाडी वाढली, कोणी मजला चढवला, कोणी घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढलं, ते यादीत यावं.

अडचण होते ती वेळेवर न केल्यामुळे. निवडणूक जवळ आली की फेरआकारणी पुढे ढकलायचा मोह कोणत्याही नगर परिषदेला होतो. ढकलली की पुढच्या वेळी साठलेली सगळी वाढ एकाच नोटिशीत येते. मग माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर असतं. त्याला दोनपट, तीनपट पट्टी दिसते. रस्ता मात्र तोच असतो. मोर्चा निघतो, वाढीला स्थगिती मिळते, आणि पुढच्या वेळचा धक्का आणखी मोठा होतो. हे चक्र आहे आणि त्याला एकटा अधिकारी किंवा एकटा व्यापारी जबाबदार नाही.

मर्यादेची मागणी इथे जन्मते. मला विचाराल तर तिच्यामागची भीती कराच्या रकमेपेक्षा ‘एकदम’ची जास्त आहे. दुकानदार वर्षाचा हिशोब दिवाळीला मांडतो. त्याला मधेच कोणी मोठा आकडा दाखवला तर तो कुठून भरणार?

मुंबईने काय केलं

मुंबईने २०१० मध्ये भाड्याचं गणित सोडून दिलं आणि भांडवली मूल्यावर आली, म्हणजे जागेच्या बाजारभावावर. रेडी रेकनर घ्यायचा, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय, वापर बघायचा. काल्पनिक भाडेकरू निवृत्त झाला. पण मग दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींची घरपट्टी आभाळाला भिडली असती. म्हणून कायद्यातच मर्यादा घातल्या. पहिल्या वेळी राहत्या घराचा कर आधीच्या दुपटीहून जास्त होणार नाही, दुकान-ऑफिसचा तिपटीहून जास्त नाही. त्यानंतर दर पाच वर्षांच्या फेरआकारणीत वाढ ४० टक्क्यांच्या पुढे नाही.

ही महाराष्ट्रातली पहिली जाणूनबुजून घातलेली, घर आणि दुकान वेगळं करणारी मर्यादा म्हणता येईल. ऐकायला समतोल वाटते. आता आपलं ८१० रुपयांवालं दुकान तिच्यात घालून बघू. तिप्पट म्हणजे २,४३०. पाच वर्षांनी ४० टक्के वाढून ३,४०२. आणखी पाच वर्षांनी ४,७६३ च्या आसपास. शेजाऱ्याच्या १६,२०० पर्यंत पोचायला अशा सहा फेऱ्या लागतात. तीस वर्षं! तेही शेजाऱ्याचा कर तीस वर्षं जागचा हलला नाही असं धरून. एवढ्या काळात १९४९ च्या कुलपाचा फायदा पुढच्या पिढीच्या खात्यातही जातो.

मुंबईची गोष्ट इतक्यावर संपली नाही. जमिनीवर पुढे किती बांधता येईल, त्या भावी शक्यतेवर मूल्य धरणारे नियम मालकांनी कोर्टात नेले. हायकोर्टाने ते रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. जे आज उभं आहे त्याचाच कर घ्या, उद्या उभं राहील त्याचा नाही.

दोन परदेशी उदाहरणं, पटकन

कॅलिफोर्नियात १९७८ च्या जूनमध्ये लोकांनी थेट मतदान करून ‘प्रपोझिशन १३’ आणलं. कर मूल्याच्या १ टक्का, आणि मूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. मालमत्ता विकली की मगच नवा बाजारभाव. प्रचार म्हाताऱ्या घरमालकांच्या नावाने झाला, पण सवलत दुकानं, मॉल, कारखाने सगळ्यांना मिळाली. घरं तरी माणसं विकतात. मोठ्या कंपन्या जागा वर्षानुवर्षं विकतच नाहीत. २०२० मध्ये मोठ्या व्यापारी मालमत्ता या सवलतीतून काढायचा प्रस्ताव आला आणि सुमारे ५२ टक्के मतांनी पडला. एकदा दिलेली मर्यादा परत घेणं किती जड जातं ते बघा.

टेक्सासने २०२३ मध्ये वेगळं केलं. राहत्या घरांना तिथे आधीच वर्षाला १० टक्क्यांची मर्यादा होती. त्यांनी ५० लाख डॉलरपर्यंतच्या इतर मालमत्तांना, दुकानं धरून, २० टक्क्यांची मर्यादा दिली, तीही तीन वर्षांपुरती. छोट्या धंद्याला मिळावी, मोठ्या टॉवरला नाही, आणि मुदत संपली की पुन्हा विचार. टेक्सासचं सगळं मला पटतं असं नाही, पण मुदत लिहिणं पटतं.

परत भंडाऱ्यात

आपल्याकडचा पेच थोडा वेगळा आहे. इकडे व्यापारी छत मागतात आणि तिकडे दिल्ली जमीन आखते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी शहरांना अनुदान देताना अट घातली : राज्याने मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि वसुलीची वाढ राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने व्हावी. नाही तर अनुदान अडतं. आणि भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, किंवा लाखनी-मोहाडी-लाखांदूरच्या नगर पंचायती अनुदानावर किती टेकल्या आहेत ते जकात गेल्यापासून आपण बघतोच. वैनगंगेच्या काठावर राहून स्वच्छ पाण्याची वाट बघणाऱ्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

गावाबाहेर, हायवेच्या कडेला ग्रामपंचायत हद्दीत गाळे काढणाऱ्यांनीही हुरळू नये. डिसेंबर २०१५ मध्ये ग्रामपंचायतींच्या कराचे नियम बदलले. तिथेही आता भांडवली मूल्य, आणि वापरानुसार भारांक. दुकानाचा भारांक घरापेक्षा जास्त. बनारसच्या ५ आणि १० टक्क्यांचाच हा नातू.

मग मर्यादा असावी की नसावी? माझं मत असं. मर्यादा मूल्यावर घालू नका, रकमेवर घाला. दुकानाचं खरं मूल्य यादीत लिहू द्या, दोन्ही शेजाऱ्यांचं एकाच पट्टीने. मग वाढलेला कर चार वर्षांत चार पायऱ्यांनी घ्या, आणि पाचव्या वर्षी पायऱ्या संपू द्या. असं केलं की दुकानदाराला आज माहीत असतं की पुढची तीन वर्षं किती भरायचं आहे. नगर परिषदेलाही माहीत असतं की किती येणार आहे. मूल्यच गोठवलं तर जुना-नवा हा भेद पिढ्यान्‌पिढ्या जातो, आणि त्याची किंमत ज्याने कालच कर्ज काढून गाळा घेतला तो देतो. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण त्यातलेच असणार : मोबाईल रिपेअरिंग, कॅफे, झेरॉक्स, ब्युटी पार्लर.

आणखी एक. तुम्ही गाळा भाड्याने घेतला असेल तर आधी करारपत्र काढून बघा. ‘सर्व कर भाडेकरूने भरावेत’ अशी ओळ असेल तर वाढ थेट तुमच्या खिशातून जाते. कर मालकाकडे आणि भाडं ठरावीक असेल, तर मर्यादेचा फायदा मालकाला, तुम्हाला नाही. निवेदनावर सही करण्याआधी आपण कोणाच्या फायद्यासाठी सही करतोय ते कळलेलं बरं.

नोटीस आली की तीन गोष्टी तपासा : क्षेत्रफळ बरोबर आहे का, वापर काय लिहिलाय, आणि बांधकामाचं वय किती धरलंय. घराच्या एकाच खोलीत दुकान असताना सगळं घर वाणिज्य लिहिलेलं नाही ना, हेही बघा. हरकत लेखी द्या, मुदतीत द्या, पोच घ्या. आणि हरकतींच्या त्या दिवसांत प्रारूप यादी नगर परिषदेत बघायला ठेवलेली असते. यादीत आपली मालमत्ता असलेल्या कोणालाही ती फी न देता बघता येते आणि उतरवून घेता येते. तिच्यात फक्त तुमची ओळ नसते, शेजारच्या दुकानाचीही असते.